जुन्या निगेटिव्हांसाठी स्कॅनर निवडताना



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस खानापूर तालुक्यातील एका घरी आम्ही सहज भेटीस गेलो होतो. घराची साफसफाई चालली होती व माळ्यावरून खाली उतरविलेले सामान पडवीत मांडले होते. त्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. घरातील आजीबाईंचे वय ८० च्या पुढे आहे. त्यांनी डब्याचे झाकण उघडून आम्हांस विचारले, “फादर, ह्या काळ्या पट्ट्या ठेवून काय करायचे? ह्यांचे फोटो तर केव्हाच वाळवीने खाल्ले. चुलीत घालू काय?”

त्यांचा नातू बेळगावास नोकरी करतो. तो तत्काळ म्हणाला, “आजी, जाळायचे नाही. मी स्कॅनर घेतो.” आणि मग आमच्याकडे वळून त्याने विचारले, “पण फादर, कोणता घ्यावा?”

हाच प्रश्न अलीकडे पुष्कळ कुटुंबांतून आम्हांस विचारला जातो. कोणाच्या घरी आफ्रिकेत वा आखातात नोकरी केलेल्या काकांच्या स्लाइड्स आहेत, तर कोणाच्या घरी लग्नसमारंभांच्या निगेटिव्ह आहेत. बाजारात यंत्रे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाच्या खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले आहेत. म्हणून आज ह्या विषयी थोडे सविस्तर लिहावयाचे योजिले आहे. आमचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, यंत्राच्या खोक्यावरील आकडे वाचण्याआधी आपल्या घरातील डबा नीट पाहावा. कोणते यंत्र घ्यावयाचे, हे त्या डब्यावरूनच ठरते.

घाई कशासाठी?

कागदावरील फोटो हा निगेटिव्हवरून काढलेली प्रत होय. मूळ चित्र निगेटिव्हवर असते. फोटो फाटला, ओला झाला किंवा वाळवीने खाल्ला, तरी निगेटिव्ह शाबूत असेल तर त्याची प्रत पुन्हा काढता येते. तीही पुष्कळदा त्या वेळच्या लहानशा फोटोपेक्षा अधिक स्पष्ट निघते. स्लाइडची गोष्ट निराळी आहे. स्लाइड हेच मूळ व तीच अखेरची प्रत. ती गेली की सर्व गेले.

परंतु फिल्म अमर नाही. जुन्या फिल्मपैकी पुष्कळ फिल्म ॲसिटेट नावाच्या पदार्थाची असते. उष्णता व दमट हवा ह्यांमुळे तो पदार्थ हळूहळू विघटित होतो व त्यातून व्हिनेगरचे आम्ल बाहेर पडते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर हा रोग लागला असे समजावे. एकदा सुरू झाला म्हणजे तो आपल्याच आम्लाने वाढत जातो व शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधतो. पट्टी आक्रसते, वाकडी होते आणि शेवटी चित्राचा थर सुरकुतून सुटू लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात हे आम्ल कोंडून राहते व नाश अधिक वेगाने होतो. रंगीत फिल्मचे रंग तर अंधारातदेखील फिके पडत जातात. शिवाय आपल्याकडे पावसाचे चार महिने भिंतींना ओल येते. त्या ओलीत फिल्मवर बुरशीची जाळी चढते. ती बुरशी फिल्मवरील जिलेटिनचा थर खाते व तो थर पुन्हा मिळत नाही.

आजीबाईंच्या डब्यातील काही पट्ट्यांना असा आंबट वास येत होता. त्या आम्ही प्रथम वेगळ्या काढल्या.

डब्यात काय आहे?

ज्यांच्या घरी असा डबा आहे, त्यांनी उजेडाच्या जागी स्वच्छ पांढरे कापड अंथरावे, हात धुऊन कोरडे करावेत आणि पट्ट्या कडेने धरून त्यांची वर्गवारी करावी. बोट मधल्या चित्रावर टेकवू नये. साधारणपणे पुढील प्रकार आढळतील.

पहिला प्रकार रुंद फिल्मचा. ही १२० क्रमांकाची फिल्म सुमारे ६ सेंटिमीटर रुंद असते. पुष्कळ मराठी घरांत १९६० नंतरच्या काळात ‘आग्फा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा होता. तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज ह्या कारखान्यात तयार होत असे. त्यात एका रोलवर १२ चौकोनी चित्रे निघत. आजीबाईंचे यजमान बडोद्यास नोकरीस होते. त्यांनी तोच कॅमेरा घेतला होता आणि म्हणून डब्यातील निम्म्या निगेटिव्ह ह्याच प्रकारच्या होत्या.

दुसरा प्रकार ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा. दोन्ही कडांना भोकांची ओळ व मध्ये ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद चित्र, अशी ही पट्टी सर्वांच्या परिचयाची आहे. १९८० नंतरच्या लग्नांच्या नारिंगी झाक असलेल्या रंगीत निगेटिव्ह बहुतेक ह्याच असतात.

तिसरा प्रकार स्लाइड्सचा. पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या ५ सेंटिमीटर चौरस चौकटीत बसविलेले ते ३५ मिलिमीटरचेच चित्र असते. चौकटीवर ‘कोडाक्रोम’ असे नाव छापलेले असेल तर त्या स्लाइड्स निराळ्या ठेवाव्यात. त्याचे कारण पुढे येईल.

चौथा प्रकार ११० क्रमांकाच्या चिमुकल्या फिल्मचा. परदेशातून आणलेल्या खिशातील कॅमेऱ्यांत ती असे. तिचे चित्र केवळ १७ बाय १३ मिलिमीटरचे असते.

ह्यांखेरीज एखाद्या घरी स्टुडिओतील काचेच्या निगेटिव्ह किंवा मोठ्या सुट्या फिल्मही निघतात. १९५० च्या सुमाराच्या व त्यापूर्वीच्या फिल्मविषयी एक सावधगिरीची सूचना अगत्याची आहे. त्या काळच्या काही फिल्म नायट्रेटच्या असत आणि नायट्रेट अतिशय ज्वालाग्राही असते. फिल्मच्या कडेवर इंग्रजीत ‘सेफ्टी’ असा शब्द असेल तर चिंता नाही. तो नसेल व फिल्म फार जुनी, पिवळट वा चिकट झालेली असेल, तर ती इतरांपासून वेगळी व थंड जागी ठेवावी आणि जाणत्या माणसास दाखवावी. ती जाळून पाहण्याची परीक्षा कोणीही करू नये.

वर्गवारी झाली म्हणजे मोजदाद करून कागदावर लिहावी. त्या घरी हिशेब असा निघाला: रुंद निगेटिव्हवरील चित्रे सुमारे १८०, ३५ मिलिमीटरची सुमारे १५०, आणि स्लाइड्स ४०. एकूण ३७०.

आकड्यांचा अर्थ

आता यंत्राच्या खोक्यावरील आकड्यांकडे वळू. स्कॅनर एका इंचात किती बिंदू टिपतो, ह्यास रेझोल्यूशन म्हणतात. ३५ मिलिमीटरचे चित्र दर इंचास २४०० बिंदू ह्या प्रमाणात टिपले, तर सुमारे ३४०० बाय २२७० बिंदूंचे, म्हणजे जवळजवळ ७७ लाख बिंदूंचे चित्र मिळते. चांगल्या छपाईस दर इंचास ३०० बिंदू लागतात. म्हणजे ह्या चित्राचा सुमारे ११ बाय साडेसात इंचांचा उत्तम फोटो निघतो. घरातील भिंतीवर लावण्यास तो पुरेसा आहे.

रुंद निगेटिव्हचे चित्र प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर चौरस, म्हणजे सव्वादोन इंचांच्या आतबाहेर असते. ते १२०० बिंदूंनी टिपले तरी पावणेनऊ इंच चौरस फोटो निघतो. २४०० बिंदूंनी टिपले तर साडेसतरा इंचांचा निघतो. ह्यावरून दिसून येईल की निगेटिव्ह जितकी मोठी तितके यंत्राचे काम सोपे. उलट ११० क्रमांकाची चिमुकली फिल्म २४०० बिंदूंनी टिपली तरी जेमतेम सव्वापाच बाय चार इंचांचा फोटो मिळतो. ज्यांच्या डब्यात अशा फिल्म अधिक आहेत, त्यांस अधिक समर्थ यंत्र हवे.

येथे एक फसगत होते. खोक्यावर ६४०० किंवा ७२०० असा आकडा छापलेला असतो. यंत्र तितके बिंदू मोजते खरे, परंतु त्याच्या भिंगाची तेवढी सूक्ष्म नजर नसते. घरगुती यंत्रांची प्रत्यक्ष क्षमता छापील आकड्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याचे चाचण्यांत दिसून येते. तेव्हा ६४०० वर स्कॅन केल्याने फाइल प्रचंड होते, वेळ जातो आणि चेहऱ्यावरील एक रेषाही अधिक दिसत नाही. मोठा आकडा पाहून अधिक पैसे मोजू नयेत, हे सांगण्याचे कारण हेच.

चार मार्ग

पहिला मार्ग लहान पेटीचा. चहाच्या डब्याएवढ्या ह्या यंत्रात एक छोटा कॅमेरा व एक दिवा असतो. स्लाइड सरकवावी, बटण दाबावे, चित्र तयार. काही पेट्यांना संगणकदेखील लागत नाही. हे यंत्र सर्वांत स्वस्त व सर्वांत जलद आहे. परंतु त्याचे दोषही ध्यानात घ्यावेत. बहुतेक पेट्या ३५ मिलिमीटर व त्याहून लहान फिल्मच घेतात. रुंद निगेटिव्ह त्यांत बसतच नाही. चित्राच्या कडा कापल्या जातात. पांढरे कपडे व गोरे चेहरे भगभगीत होतात आणि काळोखातील बारकावे बुडतात. १३-१४ मेगापिक्सेलच्या चित्रात संगणकाकरवी भर घालून २२ मेगापिक्सेल म्हणून सांगण्याची चालही आहे. शेकडो स्लाइड्स केवळ दूरदर्शन संचावर पाहावयाच्या असतील तर ही पेटी चालेल. एकमेव चित्र जपावयाचे असेल तर चालणार नाही.

दुसरा मार्ग सपाट काचेच्या स्कॅनरचा. येथे मात्र एक गोष्ट पक्की विचारून घ्यावी: झाकणात फिल्मकरिता दिवा आहे काय? घरच्या प्रिंटरवर असतो तो साधा स्कॅनर कागदावरून परतलेला प्रकाश टिपतो. फिल्मच्या आरपार प्रकाश जावा लागतो, म्हणून साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह ठेवली तर काळा ठिपका तेवढा मिळतो. ‘एप्सन व्ही६००’ ह्या स्कॅनरच्या झाकणात असा दिवा आहे. त्यात ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या, स्लाइड्स व ६ सेंटिमीटर रुंद फिल्म बसते, परंतु त्याहून रुंद काच वा फिल्म बसत नाही. त्यासाठी ‘व्ही८५०’ सारखे मोठ्या दिव्याचे, अधिक किमतीचे यंत्र लागते. सपाट स्कॅनरची सूक्ष्म नजर ३५ मिलिमीटरसाठी मध्यम, पण रुंद निगेटिव्हसाठी उत्तम आहे. शिवाय जुने कागदी फोटो, पत्रे व दाखले ह्यांच्याही प्रती त्यावर निघतात. खेड्यातील कुटुंबास हा लाभ थोडा नव्हे.

तिसरा मार्ग केवळ फिल्मसाठी बनविलेल्या स्कॅनरचा. ‘प्लस्टेक ऑप्टिकफिल्म’ ह्या मालिकेतील ८१०० व ८२००आय ही यंत्रे ह्या जातीची होत. सपाट स्कॅनरपेक्षा त्यांची नजर पुष्कळ तीक्ष्ण असते. परंतु ती केवळ ३५ मिलिमीटरची फिल्म घेतात आणि प्रत्येक चित्र हाताने पुढे सरकवावे लागते. ज्यांच्याकडे फक्त स्लाइड्स व ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्ह आहेत आणि ज्यांना धीर आहे, त्यांनी हे घ्यावे. निकॉन कंपनीचे ‘कूलस्कॅन’ हे स्कॅनर एकेकाळी फार नावाजलेले होते. आता ते तयार होत नाहीत, वापरलेलेच मिळतात. जुन्या स्कॅनरची तार आजच्या संगणकास पुष्कळदा जोडताच येत नाही व त्याचा प्रोग्रामही चालत नाही. ‘व्ह्यूस्कॅन’ नावाच्या प्रोग्रामवर पुष्कळ जुने स्कॅनर चालतात. तरी वापरलेले यंत्र आपल्या संगणकास जोडून एक निगेटिव्ह समक्ष स्कॅन करून दाखविल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चौथा मार्ग स्कॅनरशिवायचा. घरात किंवा नात्यात कोणाकडे चांगला डिजिटल कॅमेरा व जवळचे चित्र टिपणारे मॅक्रो भिंग असेल, तर सपाट पांढऱ्या दिव्याच्या पाटीवर निगेटिव्ह ठेवून वरून तिचे चित्र काढता येते. कॅमेरा तिवईवर अगदी समांतर बसविला व खोलीत अंधार केला तर हे काम स्कॅनरहून जलद व सरस होते. परंतु रंगीत निगेटिव्हची नारिंगी झाक काढून रंग उलटविण्यास कौशल्य लागते. केवळ ह्या कामाकरिता कॅमेरा विकत घेणे मात्र शहाणपणाचे नाही.

मोबाइलचा उपयोग कशाला होतो, हेही सांगितले पाहिजे. एका मोबाइलचा पडदा संपूर्ण पांढरा करावा, निगेटिव्ह त्याच्यापासून बोटभर उंच धरावी आणि दुसऱ्या मोबाइलने तिचा फोटो काढून रंग उलटवावेत. निगेटिव्हमध्ये कोण आहे ते तत्क्षणी कळते. ही जपून ठेवण्याची प्रत नव्हे. परंतु ३७० चित्रांतून कोणती आधी करावयाची हे ठरविण्यास ती फार उपयोगी पडते.

आणि ज्यांच्याकडे वीस-पंचवीसच निगेटिव्ह आहेत, त्यांनी यंत्र घेऊच नये. शहरातील विश्वासू स्टुडिओकडून काम करून घ्यावे. मात्र प्रथम पाचच निगेटिव्ह देऊन पाहाव्यात, किती बिंदूंनी टिपणार ते विचारावे आणि निगेटिव्ह मोजून द्याव्यात व मोजून घ्याव्यात.

आमच्या हातून झालेली चूक

आजीबाईंच्या घरच्या मंडळींनी निर्णय घेण्यापूर्वी आम्ही परगावच्या एका मित्राकडून झाकणात दिवा असलेला स्कॅनर चार दिवसांकरिता मागून आणला. मोबाइलवर पाहताना रुंद निगेटिव्हच्या एका पट्टीत पांढरा सदरा घातलेला, हातात मेणबत्ती धरून उभा असलेला मुलगा दिसला होता. तो आजीबाईंचा थोरला मुलगा. १९७० साली त्याचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला व पुढच्याच वर्षी तो तापाने वारला. त्याचा एकमेव फोटो भिंतीवर होता, तो चौकटीसकट वाळवीने खाल्ला. त्याला पुष्कळ वर्षे झाली. आजीबाई म्हणाल्या, “त्याचे डोळे आठवतात. बाकी तोंड आता नीट आठवत नाही.” ज्या पट्ट्या चुलीत घालाव्यात की काय असे त्या विचारीत होत्या, त्यांतच तो होता.

आम्ही ती निगेटिव्ह सर्वांत आधी लावली. फिल्मवर धूळ व ओरखडे होते, म्हणून यंत्रातील धूळ पुसण्याची सोय चालू केली. पडद्यावर चित्र आले ते पाहून मन खट्टू झाले. सदऱ्याच्या चुण्या पुसल्या गेल्या होत्या, मेणबत्तीची ज्योत म्हणजे एक डाग झाली होती आणि कपाळ व गाल मेण ओतल्यासारखे गुळगुळीत दिसत होते. निगेटिव्हच बिघडली असे आम्हांस वाटले.

दोष निगेटिव्हचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. ही सोय अवरक्त किरणांवर चालते. हे किरण रंगीत फिल्मच्या रंगांतून आरपार जातात, पण धूळ व ओरखडे त्यांस अडवितात. त्यावरून यंत्र धूळ ओळखते व तेवढी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून काढते. परंतु कृष्णधवल निगेटिव्हवरील चित्र चांदीच्या कणांचे असते आणि चांदीही ह्या किरणांस अडविते. निगेटिव्हवर पांढऱ्या सदऱ्याच्या जागी चांदी सर्वांत दाट असते. यंत्राने तिलाच धूळ समजून पुसून टाकले. कोडाक्रोम स्लाइड्सच्या बाबतीतही असाच घोटाळा होऊ शकतो, म्हणून त्या निराळ्या ठेवण्यास वर सांगितले. तेव्हा नियम असा की रंगीत निगेटिव्हसाठी ही सोय चालू ठेवावी व कृष्णधवलासाठी ती नेहमी बंद करावी. ज्यांचा डबा सारा कृष्णधवल आहे, त्यांनी ह्या सोयीसाठी अधिक पैसे देऊ नयेत. प्लस्टेकच्या दोन यंत्रांत ८२००आय ह्यास ही सोय आहे व ८१०० ह्यास नाही.

आम्ही ती सोय बंद केली, हवेच्या रबरी फुग्याने धूळ झटकली आणि पुन्हा स्कॅन केले. एक ओरखडा कोपऱ्यात राहिला, तो राहू दिला. सदऱ्याची बटणे मोजता येत होती. डाव्या भुवईवर एक लहानसा व्रण होता. आजीबाईंनी चष्मा पुसला, पडद्याजवळ तोंड नेले आणि त्या व्रणावर बोट ठेवून म्हणाल्या, “विहिरीच्या कठड्यावर पडला होता.” त्यानंतर पुष्कळ वेळ कोणी काही बोलले नाही.

त्या घरी काय ठरले

डब्यात निम्म्या निगेटिव्ह रुंद होत्या, त्यामुळे लहान पेटी व केवळ ३५ मिलिमीटरचा स्कॅनर हे दोन्ही बाद झाले. चांगला कॅमेरा कोणाकडे नव्हता. तेव्हा झाकणात दिवा असलेला सपाट स्कॅनर, हाच त्यांच्या डब्यास योग्य ठरला. परंतु ३७० चित्रांसाठी एकट्याने एवढा खर्च करावा काय, असा नातवास संकोच वाटला. चौकशी करता वाड्यातील आणखी दोन घरांत असेच डबे निघाले. तिघांनी मिळून एक यंत्र घेतले. ते एका घरचे काम संपले की दुसऱ्या घरी जाते. आमच्या मते खेड्यांतून हीच रीत उत्तम होय, कारण हे यंत्र रोज लागणारे नव्हे.

वेळेचा अंदाजही आधीच घ्यावा. धूळ झटकणे, पट्टी बसविणे व स्कॅन करणे ह्यांस प्रत्येक चित्रामागे चार मिनिटे धरली तर ३७० चित्रांस सुमारे २५ तास लागतात. रोज एक तास दिला तर महिन्याच्या आत काम पुरे होते. क्रम असा ठेवावा: आंबट वासाच्या पट्ट्या प्रथम, रंगीत निगेटिव्ह व स्लाइड्स त्यानंतर, आणि चांगल्या स्थितीतील कृष्णधवल शेवटी.

पट्टी बसविताना चकचकीत बाजू कोणती व मंद बाजू कोणती ते पाहावे. चकचकीत बाजूने पाहता कडेवरील अक्षरे सुलट वाचता येतात. उलटी वाचली जात असतील तर चित्रही उलटे, डाव्याचे उजवे होईल. फिल्म पाण्याने पुसू नये. मूळ प्रत ‘टिफ’ ह्या प्रकारात ठेवावी व नातेवाइकांस पाठविण्यासाठी ‘जेपेग’ प्रत काढावी, कारण जेपेगमध्ये फाइल लहान करण्यासाठी काही बारकावे गाळले जातात. त्या घरची सारी चित्रे टिफमध्ये सुमारे २० जीबी झाली. हल्लीच्या एका लहान पेन ड्राइव्हमध्येही ती मावतात. परंतु पेन ड्राइव्हही बिघडतो. म्हणून तीन प्रती ठेवाव्यात, त्या एकाच जातीच्या साधनावर नसाव्यात आणि निदान एक प्रत दुसऱ्या गावी असावी. त्या घरची तिसरी प्रत पुण्यास दिलेल्या लेकीकडे आहे.

दोन शेवटच्या गोष्टी

पहिली गोष्ट अशी की, स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह फेकू नये. आमचेच उदाहरण पाहा. पहिले स्कॅन बिघडले तरी निगेटिव्ह हाती होती म्हणून दुसरे करता आले. पुढेमागे अधिक चांगली यंत्रे निघतील आणि तेव्हाही ती मूळ निगेटिव्हच मागतील. प्रत्येक पट्टी साध्या कागदी पाकिटात घालावी, पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक लिहावा व तोच क्रमांक संगणकातील फाइलला द्यावा. पाकिटे माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात न ठेवता घरातील सर्वांत कोरड्या व थंड खोलीतील कपाटात ठेवावीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोणत्याही स्कॅनरला नावे ठाऊक नसतात. त्या डब्यातील एका चित्रात विहिरीपाशी उभ्या असलेल्या सात स्त्रिया आहेत. नातवाने त्यांपैकी एकीलाही ओळखले नाही. त्याच्या वडिलांनी दोघींना ओळखले. आजीबाईंनी सातही जणींची नावे, माहेरची गावे व कोण कोणत्या साली सासरी गेली तेही सांगितले. नातवाने ते सर्व वहीत क्रमांकवार लिहून घेतले. यंत्र पुढच्या वर्षीही विकत मिळेल. ८० वर्षांच्या माणसाची आठवण पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही.

म्हणून ज्यांनी अद्याप यंत्र घेतलेले नाही, त्यांनीही थांबू नये. येत्या रविवारी दुपारी डबा खाली काढावा, मोबाइलचा पांढरा पडदा धरावा, आणि घरातील सर्वांत वडील माणसाशेजारी वही घेऊन बसावे. कोणता स्कॅनर घ्यावा, हे त्यानंतर निवांतपणे ठरवावे.